जे राहणार आहेत त्यांच्या हाताखाली

परदेशातील अल्पकालीन ख्रिस्ती मिशनवरून, म्हणजे थोड्या दिवसांच्या सेवाभेटीवरून, परतलेल्या जवळजवळ प्रत्येकाजवळ एक ठरावीक फोटो असतो. पाहुणी मधोमध बसलेली असते, तिच्या मांडीवर एक मूल, पाठीवर दुसरे, आणि दोन्ही बाजूंनी आणखी पाचसहा चेहरे कॅमेऱ्यात शिरण्यासाठी धडपडत असतात. चर्चच्या मंडळीसमोर साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, हाच फोटो पडद्यावर येतो आणि त्याच्या जोडीला एक वाक्यही हमखास येते: ‘पहिल्या पाच मिनिटांतच मुले आमच्या गळ्यात पडली.’ ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, पुढच्या वर्षीच्या गटासाठी दोनचार नावे तिथल्या तिथे येतात आणि सेवा सफळ झाली असे सर्वांना मनोमन वाटते. मीही मुलांच्या सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या गटांतून गेले आहे, आणि अशा सेवेवर माझा विश्वास आहे. पण या एका वाक्यापाशी मी अडखळते. अनोळखी माणसाच्या गळ्यात पाच मिनिटांत पडणारे मूल हे नेहमीच सुखी मूल असते असे नाही, आणि ज्याला आपण आपल्या प्रेमाची पावती समजतो, ती कित्येकदा त्या मुलाच्या दुखण्याची खूण असते.

घरात वाढणारे मूल परक्या माणसाला कसे भेटते, हे आठवून पाहावे. आमच्या गटाने एका लहानशा मंडळीच्या आवारात मुलांसाठी बायबल वर्ग घेतला होता. तिथे एक मुलगा सुरुवातीचे दोन दिवस दाराच्या चौकटीच्या आत आलाच नाही. शर्टाची कॉलर चघळत तो उंबरठ्यावर उभा राही, कृतिगीत सुरू झाले की त्याचे हात अंगाशी धरल्या धरल्याच किंचित हलत, आणि आमच्यापैकी कोणी हसून जवळ गेले की तो सरळ मागे वळून घराच्या दिशेने पळे. तिसऱ्या दिवशी तो आपल्या थोरल्या बहिणीचा हात धरून आत आला आणि तिच्याआड बसून त्याने संपूर्ण गोष्ट ऐकली. आमच्यातील एकीला वाईट वाटले की या मुलाचे मन आपल्याला जिंकता आले नाही. मला मात्र तो मुलगा अगदी धडधाकट वाटला. आपली माणसे कोण आणि परकी कोण हे त्याला नेमके ठाऊक होते, आणि परक्यांना किती वेळ तिष्ठत ठेवायचे तेही.

याच्या अगदी उलट चित्र मी मुलांच्या एका निवासी संस्थेत पाहिले. साधारण चार वर्षांची एक मुलगी आम्ही गाडीतून उतरताच धावत आली, नाव विचारण्यापूर्वीच कडेवर चढली आणि माझ्या गळ्यातील ओळखपत्राच्या दोरीशी खेळू लागली. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला तिला खाली ठेवले, तेव्हा ती रडली नाही की रुसली नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पाहुणीच्या कडेवर ती तितक्याच सहजतेने गेली आणि तिच्या ओळखपत्राची दोरी तितक्याच आवडीने बोटाला गुंडाळू लागली. तिला कोणीतरी हवे होते. मात्र ते कोण, याने तिला फारसा फरक पडत नव्हता, आणि चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यापरते खिन्न करणारे दुसरे काही मला सांगता येणार नाही.

ही माझ्या एकटीची भावुक समजूत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 मध्ये लिहिलेल्या अहवालात म्हटले होते की, तान्ह्या आणि लहान मुलाला आईशी किंवा कायम आईची जागा घेणाऱ्या एका व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, अखंड नाते लाभणे हे त्याच्या मानसिक आरोग्यासाठी अत्यावश्यक आहे. रुमानियात 1989 साली हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या सरकारी बालगृहांत खितपत पडलेली हजारो मुले जगाला दिसली. पुढे 2000 साली बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी तिथल्या संस्थांमधील 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. सोडत काढल्याप्रमाणे मुलांचे दोन गट केले गेले. एका गटातील मुलांना पालनकर्त्या कुटुंबांत ठेवण्यात आले आणि दुसऱ्या गटातील मुलांची नेहमीची व्यवस्था तशीच राहिली. कुटुंबांत गेलेली मुले, त्यातही वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास किंवा त्याआधी गेलेली मुले, बुद्धीच्या वाढीत आणि जवळच्या माणसाशी नाते जोडण्यात उजवी ठरली. संस्थेत वाढणाऱ्या मुलांमध्ये ज्या अनेक गोष्टी संशोधकांना वारंवार आढळल्या, त्यांपैकी एक म्हणजे अनोळखी माणसाशी भेदभाव न करता होणारी ही सलगी. साक्षीच्या फोटोत आपण ज्याला ओढ म्हणतो, त्याची नोंद ते चिंतेची बाब म्हणून करत होते.

निवासी संस्थेतल्या मुलाचा दिवस तसाही पाळ्यांमध्ये विभागलेला असतो. सकाळी उठवणारी मावशी वेगळी, रात्री दिवा घालवणारी वेगळी, आणि पगार परवडला नाही की दोघीही नोकरी सोडून जाणार. अशा ठिकाणी पाहुण्यांचा एक गट येतो, दोन आठवडे मुलांना उचलून घेतो, रडतरडत निरोप घेतो आणि विमानात बसतो. त्यानंतर दुसरा गट येतो. प्रत्येक गट आपापल्या परीने मनापासून प्रेम करतो, यात मला शंका नाही. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर आयुष्यात येऊन निघून गेलेल्या माणसांची रांग तेवढी लांबत जाते, आणि पुढच्या माणसावर जीव लावण्यात अर्थ नाही हे त्याला थोडे अधिक पक्के कळते.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. ही मुले अनाथ असतात असे आपण धरून चालतो. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत निवासी बालसंस्थांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. या काळात तिथे युद्ध नव्हते, आणि आईवडील गमावलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढावी असेही काही घडलेले नव्हते. त्या संस्थांमधील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक तरी हयात होते. वाढ झाली होती ती पर्यटकांची, परदेशी स्वयंसेवकांची आणि देणगीदारांची. गरीब आईबापांना सांगण्यात येई की मुलाला शाळा मिळेल, इंग्रजी शिकायला मिळेल, दोन वेळचे जेवण मिळेल, आणि परिस्थितीने गांजलेले आईबाप मुलाला पाठवून देत. एकदा अनाथाश्रम भरला की पाहुणे येत आणि देणग्याही येत. पाहुण्यांना मुले हवी असतात, म्हणून मुले गोळा केली जातात, हा या व्यवहाराचा उघडा हिशेब आहे. आपण कितीही निर्मळ मनाने गेलो तरी त्या हिशेबातील एक आकडा होऊनच जातो.

जगाने याची दखल उशिरा घेतली, पण घेतली. ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा 2018 मध्ये झाला, तेव्हा मुलांना खोट्या कारणांनी अनाथाश्रमांत भरती करणे हा मुलांच्या व्यापाराचाच एक प्रकार आहे, हे तिथल्या चर्चेत स्पष्टपणे मांडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019 मध्ये मुलांच्या हक्कांविषयी जो ठराव केला, त्यात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे आणि त्याभोवतीच्या पर्यटनामुळे मुलांना होणारा अपाय रोखावा असे सदस्य देशांना सांगितले. चर्चच्या पाळकांच्या बैठकीत हे विषय काढले की काहींना ते जगिक, म्हणजे चर्चबाहेरच्या, लोकांनी ख्रिस्ती सेवेवर घेतलेले आक्षेप वाटतात. मला तसे वाटत नाही. हैतीमध्ये 12 जानेवारी 2010 रोजी भूकंप झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील बाप्टिस्ट पंथाचे दहा मिशनरी 33 मुलांना कागदपत्रांविना सरहद्दीपलीकडे नेताना पकडले गेले. आम्ही अनाथांना वाचवत होतो, असे ते सांगत राहिले. त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत होते, असे पुढे उघड झाले. तिथे प्रार्थना झाली होती, त्याग झाला होता, प्रेमही होते. एवढे सगळे असूनही मुलाच्या आईचा पत्ता विचारण्याचे राहून गेले होते.

पवित्र शास्त्रातील ज्या वचनावर ही सारी सेवा उभी आहे, ते मी अलीकडे जरा सावकाश वाचते. ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे मार्काच्या दहाव्या अध्यायातील शब्द मुलांच्या प्रत्येक शिबिराच्या फलकावर असतात. त्याच्या आधीची ओळ मात्र फलकावर नसते. त्या ओळीत सांगितले आहे की लोक बाळकांना त्याच्याकडे आणत होते, म्हणजे ती बाळके कोणाच्या तरी कडेवरून, कोणाचे तरी बोट धरून आली होती. येशूने त्यांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि पुढच्याच ओळीत तो वाटेला लागला. मुले अर्थातच ज्यांच्याबरोबर आली त्यांच्याबरोबर घरी गेली असणार. थोडक्या वेळाच्या भेटीचा याहून निर्मळ नमुना मला तरी ठाऊक नाही. त्या भेटीत मुलाला त्याच्या माणसांपासून तोडलेले नाही, आणि कोणालाही त्या मुलाचा तारणहार बनून मिरवायचे नाही. तारणहार खुद्द समोर असूनसुद्धा.

याकोबाच्या पत्रातील वचनाचेही तसेच. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे म्हणजे शुद्ध धर्माचरण, असे तिथे म्हटले आहे, आणि अनाथाश्रमाला भेट देणारा प्रत्येक गट ते वचन पाठ करून जातो. पण तिथे अनाथ आणि विधवा एका दमात आले आहेत. बाप गेलेले मूल आणि त्याची आई ही दोन वेगवेगळ्या संस्थांमध्ये ठेवायची माणसे नव्हेत, ते एकच घर आहे. त्या घराला धान्य, शाळेची फी, शिलाईयंत्र किंवा रोजगार मिळाला तर मूल आईच्या कुशीतच राहील, आणि आपल्याला भेट द्यायला अनाथाश्रम उरणार नाही. देणग्या गोळा करणाऱ्यांना हे वाक्य आवडत नाही, याचा अनुभव मी घेतला आहे. आईला शिलाईयंत्र दिल्याचा फोटो कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही.

ख्रिस्ती परंपरेत मुलांची सेवा करायला परदेशी गेलेली माणसे कमी नाहीत, पण ज्यांची नावे टिकली ती बहुतेक राहिलेल्यांची. जॉर्ज म्युलर आजच्या जर्मनीतील प्रशियातून 1829 साली इंग्लंडला गेले, 1836 मध्ये त्यांनी ब्रिस्टलला पहिले अनाथगृह उघडले आणि 1898 मध्ये त्याच शहरात देह ठेवला. त्यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले त्या घरांतून वाढली. आयर्लंडच्या एमी कार्मायकल 1895 मध्ये भारतात आल्या, तमिळनाडूतील दोनावूर येथे, देवळांना वाहिलेल्या आणि तिथून सोडवलेल्या मुलींच्या आई झाल्या आणि 1951 मध्ये मृत्यू येईपर्यंत एकदाही मायदेशी परतल्या नाहीत. शेवटची सुमारे वीस वर्षे त्या अपघातामुळे अंथरुणाला खिळून होत्या. तरीही मुलींना त्यांची खोली ठाऊक होती. आज आपण निवासी संस्थांविषयी जे जाणतो, ते या दोघांच्या काळात कोणाला ठाऊक नव्हते, आणि त्यांनी उभारलेल्या प्रत्येक गोष्टीची नक्कल करावी असेही मी म्हणणार नाही. पण आपली दोन आठवड्यांची वारी त्यांच्या ओळीत नेऊन बसवण्याची जी सवय साक्षींमध्ये दिसते, ती जरा आवरावी. त्यांच्या सेवेचे सारे मोल राहण्यात होते, आणि नेमके तेच आपण करत नाही.

मग जावेच का? माझे उत्तर जावे असेच आहे, मात्र निवासी संस्थेतील मुलांना कडेवर घेण्यासाठी जाऊ नये. जिथे मुले आपापल्या घरी झोपतात आणि जिथे स्थानिक मंडळी वर्षभर त्यांच्यात काम करते, तिथे त्या मंडळीच्या बोलावण्यावरून, तिच्या हाताखाली काम करायला जावे. सुटीतील बायबल शाळा हे अशा कामाचे सर्वांत परिचित रूप आहे. तिच्या सुरुवातीच्या कथांमधील एक 1898 सालच्या न्यूयॉर्कची आहे. तिथल्या गलिच्छ वस्तीतील मुले उन्हाळ्याच्या सुटीत रस्त्यावर भटकतात हे पाहून मंडळीतील एका बाईंनी चक्क बिअरच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेतली आणि तिथे मुलांना गोळा केले. मला या कथेत गुत्त्यापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या बाई त्याच शहरातल्या होत्या. त्यांना मुले दिसली ती रोजच्या येण्याजाण्यात, आणि सुटी संपल्यावरही मुले व त्या एकाच शहरात असणार होत्या. परदेशातून गेलेल्या गटाला हे साधणार नाही, म्हणून ज्यांना साधते त्यांच्यामागे त्याने उभे राहावे.

हाताखाली काम करणे म्हणजे काय, ते मला एका स्थानिक शिक्षिकेने न बोलता शिकवले. आमच्या वेळापत्रकात पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नव्हता. एके सकाळी नऊदहा वर्षांची एक मुलगी कडेवर तान्हा भाऊ घेऊन उशिरा आली आणि दारातल्या आमच्या कार्यकर्त्याने तिला नियम समजावून सांगायला सुरुवात केली. शिक्षिका आतून उठून आली, मुलीच्या हातून बाळ घेतले, त्याला मागच्या बाकाशी सतरंजीवर बसवले आणि रंगीत खडूंच्या डब्याचे झाकण त्याच्या हातात दिले. पुढचा पाऊण तास ते बाळ झाकण जमिनीवर आपटत होते, आमचे बाहुलीनाट्य त्या ठेक्यावरच पार पडले, आणि त्या मुलीने बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. शिक्षिकेला ठाऊक होते की मुलीची आई पहाटेच कामाला जाते. बाळाला घेतले नाही तर मुलगीही येणार नाही, आणि आज आली नाही तर आम्ही गेल्यावर चालणाऱ्या वर्गालाही ती येणार नाही. आमच्याजवळ मुलांसाठी उत्तम बाहुल्या होत्या. मुलांची माहिती मात्र तिच्याजवळ होती.

त्याच वर्गात मण्यांचे कडे करायचे होते. मुलांच्या सेवेत हा हस्तोद्योग जगभर चालतो. मण्यांचे रंग आले आहेत ते एकही अक्षर नसलेल्या रंगीत पानांच्या पुस्तिकेवरून, आणि त्या पुस्तिकेची कल्पना लंडनचे उपदेशक स्पर्जन यांच्या 1866 मधील प्रवचनापर्यंत मागे जाते. त्यांनी काळे, लाल आणि पांढरे अशी तीनच पाने सांगितली होती. सोनेरी पान 1875 मध्ये अमेरिकी सुवार्तिक मूडी यांच्या सभेत जोडले गेले आणि हिरवे त्याच्याही नंतर आले. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरा म्हणजे शुद्ध झालेले अंतःकरण, असे मणी ओवत ओवत सांगायचे असते. काळ्यासावळ्या मुलांच्या हातात काळा मणी ठेवून, हे तुझे पाप आणि पांढरे ते पवित्र, असे गोऱ्या पाहुण्याने सांगणे मला आता ऐकवत नाही. आम्ही सगळे गोरे नव्हतो, पण मण्यांचा अर्थ आमच्याबरोबर बदलला नव्हता. शिक्षिकेने काळ्या मण्याला ‘रात्र, जेव्हा आपण वाट चुकतो’ असे म्हटले आणि ती पुढे गेली. सुवार्तेचे यात काही कमी झाले असे मला वाटले नाही.

हात वर करण्याविषयीही लिहिले पाहिजे. शेवटच्या दिवशी गोष्ट संपते, डोळे मिटायला सांगतात आणि ज्याला येशूला हृदयात घ्यायचे आहे त्याने हात वर करावा असे आवाहन होते. भरभरून हात वर जातात. सात वर्षांचे मूल आवडत्या पाहुण्याने विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला हात वर करते, हे कोणतीही शिक्षिका सांगेल. ते हात मोजून मायदेशी आकडा कळवणे मला नुसते घाईचे वाटत नाही, ते मुलाच्या भाबडेपणाचा फायदा घेणे आहे. मुलाच्या विश्वासाला वेळ लागतो, घरच्यांची संमती लागते, आणि पुढच्या वर्षी त्याने अडचणीचा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कोणीतरी तिथे असावे लागते. लहानांतील एकालाही अडखळण लावणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे येशूने म्हटले आहे. इतके कठोर शब्द त्याने फार थोड्या ठिकाणी वापरले आहेत.

त्या तळीची आठवण ठेवून काही नियम निमूटपणे पाळावेत. गटात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी व्हावी, मग तो पाळकांचा मुलगा का असेना. कोणत्याही मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाने बंद जागेत असू नये, मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचे काम स्थानिक बायांनीच करावे, आणि मुलाने आपणहून हात पुढे केला तरच तो धरावा. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नको, आणि परवानगी असली तरी नाव, गाव, शाळा यांतले काहीही फोटोखाली नको. ‘आम्ही एक कुटुंब आहोत, आमच्यात अशा अविश्वासाची काय गरज?’ असे म्हणणारे हमखास भेटतात. मुलांना त्रास देणारी माणसे विश्वासाची जागा शोधतच येतात आणि परदेशातील अनोळखी, भाषा न कळणारे मूल त्यांना सर्वांत सोपे असते, एवढे उत्तर मी देते आणि फॉर्म पुढे सरकवते.

पैशाविषयी थोडक्यात. अमेरिकेतील 2005 च्या एका सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार तिथल्या मंडळ्यांतील सुमारे 16 लाख सभासद वर्षाकाठी परदेशातील अल्पकालीन मिशनवर जात होते, म्हणजे एकूण खर्च केवढा असेल याची कल्पना यावी. मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा एका अभ्यासकाने हिशेब मांडला. स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे 2,000 डॉलरमध्ये घर बांधत होती, आणि उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांचा प्रवासासह खर्च घरामागे सुमारे 30,000 डॉलर पडत होता. मुलांच्या वर्गाला हा हिशेब जशाचा तसा लागू होत नाही, कारण सहवासाला घरासारखी किंमत लावता येत नाही. तरीही विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी, या पैशांत तिथल्या शिक्षिकेचा किती वर्षांचा पगार निघतो हा प्रश्न प्रार्थनासभेत मोठ्याने विचारावा. उत्तर ऐकून काही जण घरी थांबतील आणि पैसे पाठवतील. तीही सेवाच आहे, फक्त तिची साक्ष कोणी मागत नाही.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आनंदाविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही. घरी आईवडील असलेल्या, पोटभर जेवलेल्या मुलांनाही आठवडाभर गाणी म्हणायला, धावायला, नव्या माणसांच्या विचित्र उच्चारांना हसायला मिळाले तर त्याला आणखी कोणते समर्थन लागत नाही. स्थानिक शिक्षिकांना त्या आठवड्यात जरा बसून चहा पिता आला, आपल्याच वर्गाकडे मागच्या बाकावरून पाहता आले, तर तेही मोठे काम झाले. आम्ही दुपारी त्यांच्यासाठी बाहुल्या बनवण्याचा आणि गोष्ट सांगण्याचा वर्ग घेत असू. मुलांसमोरच्या आमच्या सकाळीपेक्षा त्या दुपारी अधिक टिकतील, असे मला तेव्हाच वाटू लागले होते. निघताना आम्ही बाहुल्या, खडू, गोष्टींची चित्रे आणि उरलेले मणी शिक्षिकांच्या कपाटात ठेवले. मुलांच्या हाती भेटवस्तू दिल्या नाहीत. पाहुण्यांच्या हातून थेट मिळालेल्या खेळण्यापुढे आईने आणलेले खेळणे फिके पडते आणि ते आईला दिसते.

निरोपाची तयारी पहिल्याच दिवशी करावी लागते. भिंतीवर दिवसांची चित्रपट्टी लावावी आणि रोज एक चौकोन मुलांकडूनच रंगवून घ्यावा, म्हणजे पाहुणे कधी जाणार हे सर्वांत लहान मुलालाही आधीपासून कळते. पुन्हा येईन असे वचन कोणालाही देऊ नये, कारण मोठी माणसे ते सौजन्य म्हणून देतात आणि मुले ते तारीख म्हणून लक्षात ठेवतात. रडायचे असेल तर गाडीत बसल्यावर रडावे. शेवटच्या दिवसाची शेवटची प्रार्थना, हजेरी आणि पुढच्या रविवारच्या वर्गाची वेळ या तिन्ही गोष्टी तिथल्या शिक्षिकेने कराव्यात, आणि त्या वेळी पाहुण्यांनी खोलीच्या मागे उभे राहून सतरंज्यांच्या घड्या घालाव्यात.